एक वीत गाळ

नववीच्या वर्षी शाळेने गणिताचे दोन वर्ग केले. एकात बीजगणित आणि भूमिती. ज्यांच्याकडून घरच्यांच्या मोठ्या अपेक्षा होत्या, ती मुलं तिकडे. दुसऱ्याचं नाव वेळापत्रकात 'व्यवहारी गणित' असं छापलं होतं, पण अख्खी शाळा त्याला 'किराणा' म्हणायची. त्या वर्गातल्या मुलींना मधल्या सुट्टीत कुणीतरी हमखास विचारायचं, "काय गं, अर्धा किलो साखर कशी दिली?"

बारकी किराण्यात गेली ती आपल्या पायांनी. क्ष म्हणजे काय ते शेवटच्या ओळीत कळतं आणि कळल्यावर त्याचं काहीच करायचं नसतं, हे तिला कधी पटलं नव्हतं. तिच्या बाकावरची जिराफ मात्र तिथे ढकलली गेली होती. जिराफ वर्गात सगळ्यांत उंच, आणि आठवीपर्यंत गणितात कायम वरच्या नंबरांत. पण आठवीत तिला कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द झाले, अन्न समोर आलं की ओकारी यायची. ती परत शाळेत आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. शाळेने तिला नववीत घेतलं, पण गणित मात्र किराणा.

"तुझं काही अडलंय का त्या क्षवाचून?" बारकी तिला समजवायची.

"माझं अडलंय," जिराफ म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

व्यवहारी गणिताच्या बाई वयाने तरुण होत्या आणि बोलायला तिखट. पहिल्याच महिन्यात त्यांनी पाठ्यपुस्तक मिटून टेबलावर आपटलं. "ह्यातला हौद कधी गळत नाही, ह्यातला रंगारी कधी आजारी पडत नाही. आपण खऱ्या वस्तू मोजू या. दोघादोघांनी एक वस्तू घ्या. कागद काय म्हणतो ते लिहा, वस्तू काय म्हणते ते लिहा. दोघांचं जमत नसेल, तर का जमत नाही ते शोधा. चांगली कामं प्रदर्शनात लागतील, पालक येतील बघायला."

कुणी जिना घेतला, कुणी वर्गाची भिंत, कुणी सायकलींचा मांडव. बारकीने हात वर केला आणि गच्चीवरची पाण्याची टाकी मागून घेतली.

त्याला कारण होतं. तिचे बाबा टाक्या धुवायचे. त्यांची एक टेम्पो गाडी होती, तिच्यावर हसऱ्या तोंडाचा पाण्याचा थेंब रंगवलेला. आत पंप, नळ्या, लांब दांड्यांचे ब्रश, ब्लीचिंग पावडरीची पिंपं. हाताखाली दोन माणसं. गावातल्या कितीतरी इमारतींच्या टाक्या त्यांच्याकडे होत्या, आणि शाळेचीही, दर दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत. घराला कायम पावडरीचा उग्र वास. बाबा स्वतः अतिशय टापटिपीचे. कामावरून आले की आंघोळ केल्याशिवाय कुणाला हात लावायचे नाहीत. पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी उजेडासमोर धरून बघायचे. आई त्यांना "सोवळे बाबा" म्हणून चिडवायची.

टाकी म्हटल्यावर बाबा खूश होतील असं बारकीला वाटलं होतं. ते जेवता जेवता थांबले.

"टाकी कशाला? जिना घ्यायचा. पायऱ्या मोजायच्या, झालं."

"जिना गेला."

"मग बाहेरून मापं घ्या. लांबी, रुंदी. आत डोकावू नका, तोल जातो. खोली मी सांगतो ना, दोन मीटर."

"बाई म्हणाल्या, वस्तूला विचारायचं."

"त्या टाकीला मी तुझ्या आधीपासून ओळखतो. मलाच विचार." बाबा हसले, तशी तीही हसली. तिला बाबांचं असं बोलणं आवडायचं.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी दोघींना गच्चीवर नेलं. टाकी सिमेंटची होती, चार मीटर लांब, तीन मीटर रुंद. वर लोखंडी झाकण. मामांनी ते दोन्ही हातांनी सरकवलं आणि लगेच मागे सरून नाकाला रुमाल लावला.

"मामा, वास येतोय?" जिराफने विचारलं.

"मला सर्दी आहे," मामा म्हणाले. "लवकर आटपा."

वरून पाणी ठीक दिसत होतं. हिरवट, पण आभाळ दिसण्याइतपत स्वच्छ. कडेला एक पीस तरंगत होतं. जिराफने खुणा केलेली लांब काठी आत सोडली. ती सरळ गेली, मग थोडी अडखळली, मग पुन्हा खाली गेली आणि टक्क करून टेकली.

"दोन मीटर," जिराफ म्हणाली. "बरोबर सांगितलं तुझ्या बाबांनी."

मग तिने काठी वर ओढली.

काठीचा खालचा एक वीत भाग काळा होता. ओला नव्हे, काळा. जाड, चकचकीत, शेंबडासारखं काहीतरी त्याला लपेटून आलं होतं आणि ते काठीवरून तुटून पडायला तयार नव्हतं, लोंबत होतं. त्यात बारीक पिसं होती. एक पांढरी काडी होती, ती काडी नसून हाड आहे हे बारकीला थोड्या वेळाने कळलं. आणि त्या काळ्यातलं काहीतरी हलत होतं. केसाइतके बारीक लाल किडे, एकमेकांत वळवळणारे. पाण्यातून बुडबुडे वर आले आणि त्यांच्यामागून वास. बंद खोलीत उंदीर मरून कुजावा तसा, पण ओला. तो नाकात शिरला नाही, जिभेवर येऊन बसला.

जिराफ काठी टाकून कठड्याकडे पळाली आणि ओकली. पोटातलं सगळं बाहेर आलं तरी तिला उमासे येतच राहिले.

नेमकी तेव्हाच मधली सुट्टी झाली. खाली पटांगणात नळांसमोर रांग लागली. पाचवीची पोरं ओंजळी करून पाणी पीत होती, एकमेकांच्या अंगावर उडवत होती. एकाने तर नळालाच तोंड लावलं. बारकीच्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तिने गिळलं आणि गिळल्याचीही तिला किळस आली.

"मामा, तुम्ही हे पिता?" तिने विचारलं.

"स्टाफचं पाणी विकतचं असतं," मामा म्हणाले, आणि आपण हे बोलायला नको होतं असं त्यांच्या लक्षात आलं. "चला, झाकण लावू द्या."

"थांबा," जिराफ तोंड पुसत म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एक डबा द्या मला कुठूनतरी. दोरी बांधून."

मामांनी डबा आणून दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. "मी काही बघितलेलं नाही," ते भिंतीला म्हणाले.

आकडेमोड करायला वेळ लागला नाही. चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे चोवीस हजार लिटर. काठीचा काळा भाग पाव मीटर भरला. चार गुणिले तीन गुणिले पाव, म्हणजे तीन हजार लिटर गाळ. एक अष्टमांश. बाईंनी वही वाचली, मग जिराफच्या पिशवीतल्या डब्याचं झाकण उघडलं आणि झटकन लावलं. वही घेऊन त्या थेट मोठ्या सरांच्या खोलीकडे गेल्या. बारकीला त्यांचा अभिमान वाटला.

थोड्या वेळाने दोघींना आत बोलावणं आलं. मोठे सर मऊ बोलायचे. टेबलावर झाकलेला पेला होता, शेजारी विकतच्या पाण्याची बाटली.

"काठी घालून ढवळलंत तुम्ही," सर म्हणाले. "ढवळलं की गाळ दिसणारच. कुठल्याही टाकीत थोडा असतो."

"तीन हजार लिटर आहे, सर," जिराफ म्हणाली.

"तुझा हिशेब चुकला असेल. किराण्यात आहेस ना तू?" सर हसले. मग बारकीकडे वळले. "आणि ही टाकी तर सुट्टीत धुतलीय. कुणी धुतली, माहीत आहे ना? तुझ्याच वडिलांनी. तू त्यांना खोटं पाडणार आहेस का?"

बारकीचे कान तापले. टाकी बाबांकडे आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तरीही, काठी वर आल्यापासून आतापर्यंत, ही दोन टोकं तिने एकमेकांना लागू दिली नव्हती.

"प्रदर्शनात इमारतीच्या नकाशावरची मापं लावा," सर म्हणाले. "चोवीस हजार लिटर, किती मुलांना किती दिवस पुरेल, असं काहीतरी छान. काय बाई?"

दोघींनी बाईंकडे बघितलं. बाई आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होत्या. "हो सर," त्या म्हणाल्या.

पुस्तक आपटणाऱ्या त्या बाई आणि ह्या बाई एकच होत्या, हे बारकीला पटेना.

संध्याकाळी बाबा आंघोळ करून, पावडर लावून खुर्चीत बसले होते. बारकीने आडवळण घेतलं नाही.

"बाबा, शाळेच्या टाकीच्या तळाला वीतभर गाळ आहे. त्यात हाडं आहेत. किडे आहेत."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आत काठी घातलीस?"

"तुम्ही धुता म्हणजे काय करता?"

"हे बघ," बाबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "पूर्ण धुवायची तर टाकी पूर्ण उपसावी लागते. तो गाळ बादल्यांनी वर काढायचा, तो टाकायचा कुठे, त्याला गाडी वेगळी, माणसं वेगळी. शाळा तेवढं देत नाही. मग वरचं अर्धं पाणी सोडायचं, भिंती घासायच्या, पावडर टाकायची, फोटो काढायचा. सगळेच असं करतात. नळाची नळी तळापासून वर असते. गाळ खाली, पाणी वर. ह्यातही गणितच आहे, बेटा."

"पोरं पितात ते."

"पावडर असते ना."

"जिराफला कावीळ झाली."

"कावीळ कुठेही होते. रस्त्यावर काहीबाही खाल्लं असेल." मग बाबा पुढे झुकले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांना खरोखरच तिची काळजी वाटत होती, आणि तेच वाईट होतं. "तू कशाला घाबरतेस? तू कुठे पितेस ते पाणी? पहिलीपासून तुला मी घरची बाटली देतोय. कधी चुकलंय एक दिवस तरी?"

बाहेरचं पाणी बाधतं, शाळेच्या नळाला तोंड लावायचं नाही, हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की ते दात घासण्यासारखं झालं होतं. त्यामागे काय आहे हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने स्वयंपाकघराकडे बघितलं. आई दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. आईने नजर वळवली.

"तुलाही माहीत होतं," बारकी म्हणाली.

"जेवायला चल," आई म्हणाली.

ती जेवली नाही. बाबांच्या अंगाला साबणाचा वास येत होता, छान, नेहमीचा, आणि त्या वासापासून उठून ती दुसऱ्या खोलीत गेली.

जिराफला सांगायचं की नाही, ह्यावर तिने फार विचार केला नाही. सांगितलं नसतं तर बाकावर शेजारी बसता आलं नसतं. सकाळी प्रार्थनेच्या आधी तिने सगळं सांगितलं, बाटलीचंसुद्धा. जिराफने ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"नाही."

"पण त्यांना होतं."

"हो."

जिराफने बाकावरची बाटली उचलली, झाकण उघडून वास घेतला आणि परत ठेवली. "चांगलं आहे पाणी," ती म्हणाली. शाळा सुटताना म्हणाली, "प्रदर्शनाला ते नकाशाचं पोस्टर लावू. सर सांगतात तसं. पण त्याच्यापुढे आपली बरणी ठेवू."

बरणी सरळ भिंतींची होती, काचेची. तळापासून काठापर्यंत चोवीस सेंटिमीटर. डब्यातला गाळ त्यांनी तीन सेंटिमीटरपर्यंत भरला, वर नळाचं पाणी. बाहेरून खुणांची पट्टी चिकटवली. खाली चिठ्ठी: 'शाळेची टाकी. प्रमाण अचूक.' बस, एवढंच. गाळ भरताना जिराफने तोंडाला फडकं बांधलं होतं आणि बारकीचे डोळे सारखे भरून येत होते, रडू म्हणून नव्हे, वासाने.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांचं टेबल कोपऱ्यात होतं. पालक येत होते, पुठ्ठ्याच्या जिन्यापाशी थांबत होते, वा वा म्हणत होते. बरणीकडे लोक बघायचे आणि मातीचा काही प्रयोग असेल असं समजून पुढे जायचे. मोठे सर एकदा जवळून गेले. त्यांनी बरणी पाहिली, चिठ्ठी वाचली, आणि पाहुण्यांना दुसऱ्या बाजूने वळवलं. बारकीला वाटलं, झालं, असंच संपणार हे.

मग जिराफची आई आली. ती बस डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसायची, तशीच गणवेशात आली होती. तिने चिठ्ठी वाचली. बरणी हातात घेऊन हलवली. काळं उठलं आणि सगळं पाणी गढूळ झालं. एक बारीक लाल किडा काचेला चिकटून वळवळला.

"हे इथलंच पाणी?" तिने लेकीला विचारलं.

"हो आई."

"हे तू पीत होतीस?"

जिराफने मान डोलावली. तिच्या आईने बरणी खाली ठेवली, हात साडीला पुसले, मग परत पुसले. बारकीचे बाबा तिथून जवळच होते, इस्त्रीचा शर्ट घालून कुणा पालकाला कार्ड देत होते. ती त्यांच्यापाशी गेली. आवाज चढवला नाही.

"दादा, ही टाकी तुम्ही धुता ना?"

"हो वहिनी, वर्षानुवर्षं," बाबा हसून म्हणाले. "मुलांनी जरा गंमत केलीय. मुलं आहेत."

"तुमची मुलगी घरून पाणी आणते. आमची सांगायची, ती कधी नळावर येत नाही म्हणून. मी म्हणायचे, लाडाची असेल." ती थांबली. "माझी महिनाभर अंथरुणाला खिळली होती. तुम्ही दोघं नवरा-बायको बघायला आला होतात. फळं घेऊन."

बाबांचं हसू तोंडावरच राहिलं, काढून ठेवायला जागा न सापडल्यासारखं. आजूबाजूचे लोक थांबले होते. कुणीतरी बरणीचं झाकण उघडलं आणि वास कोपऱ्यातून निघून खोलीभर पसरला. बायकांनी पदर नाकाला लावले. एक गृहस्थ आपल्या मुलाला बखोटीला धरून बाहेर गेले. हळूहळू सगळेच गेले.

पुढचं सगळं गुळगुळीत झालं. इतकं की बारकीला त्याचीही शिसारी आली. शाळेला एक दिवस सुट्टी दिली आणि टाकी उपसायचं ठरलं. काम दिलं बाबांनाच. नवा माणूस आणला असता तर त्याने तोंड उघडलं असतं, आणि बाबांच्या आणि सरांच्या तोंडाला त्याच अर्धवट धुण्याने कुलूप लागलेलं होतं.

"चल, बघ कसं धुतो ते," बाबा म्हणाले. ती गेली, कारण बघायचंच होतं. बाबा गुडघाभर चिखलात उतरले. हाताखालच्या माणसांना त्यांनी वर ठेवलं, स्वतः बादल्या भरून दिल्या. कबुतरांचे सापळे निघाले, एक बूट निघाला, रबराची बाहुली निघाली, तिच्या डोळ्यांच्या भोकांतून किडे बाहेर येत होते. मग त्यांनी तळ घासला, कोपरे खरवडले, दोनदा पाणी मारलं. दुपारपर्यंत टाकी आतून पांढरी दिसायला लागली. इतकं चोख काम बारकीने कधी पाहिलं नव्हतं. त्यांना येत नसतं, तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी बाबांनी दोनदा आंघोळ केली आणि पोटभर जेवले. जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. तिने मान बाजूला घेतली. तिने ठरवून नाही केलं, मानेनेच केलं. बाबा थोडा वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले आणि मग बाहेर जाऊन बसले.

सोमवारी प्रार्थनेनंतर मोठ्या सरांनी विद्यार्थ्यांच्या जागरूकतेचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. त्याच आठवड्यात, जिराफची आई एकदा त्यांना भेटून आल्यावर, जिराफला बीजगणिताच्या वर्गात जागा असल्याचं सरांना अचानक आठवलं. तिच्या आईने पुढे काही विचारलं नाही.

"मला जायचंच होतं तिकडे," दप्तर भरताना जिराफ म्हणाली. "पण असं नव्हतं जायचं."

"जा," बारकी म्हणाली. "क्षला माझा नमस्कार सांग."

जिराफ हसली नाही. दारापाशी ती एकदा थांबली, पण मागे न वळताच गेली.

तास संपल्यावर बाई बारकीच्या बाकापाशी आल्या. रिकाम्या जागेवर बसल्या, मग तिथे बसवेना म्हणून उठल्या.

"तुलाही घेतील तिकडे. सर म्हणालेत तसं."

"नको."

"त्या दिवशी खोलीत मी बोलायला हवं होतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

बारकीने वर बघितलं. बाईंचे डोळे ओले होते. बारकीने काहीतरी बरं बोलावं, अशी त्या वाट बघत होत्या. घरी आईसुद्धा हल्ली तिच्याकडे असंच बघायची.

"हो, बोलायला हवं होतं," बारकी म्हणाली, आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.